म्हशीला सांगितल्यालं

उंब्रज, मळ्यातलं घर
६ फेब्रुवारी १९४७

दादा,

तुला पत्र लिवायचं न्हाई असं ठरवलं हुतं. तू जबलपूरला गेल्यापास्नं तुजी दोन पत्रं आली. दोन्ही आईनं माझ्याकडनंच वाचून घेतली. पैल्यात खाली बारीक अक्षरात लिवलंस, "विजूला म्हनावं, चांदी म्हशीला माझा रामराम सांग." आई म्हनली, "पलटनीत जाऊन ह्यो येडा झाला का काय, म्हशीला रामराम घालतोय?" मी म्हनलं, मला काय ठावं. पन माझी कानशिलं तापली. मी चांदीला सांगितल्यालं त्ये तू ऐकलंस म्हनून मला तवाच कळलं.

ऐकलंस ते ऐकलंस, वर रामराम घालतोस. म्हनून मी रागावली हाय. ह्ये आदी लिवून ठिवती, कारन पत्र लांबलं की माझा राग कुटं जातो त्ये मलाच सापडत न्हाई.

कार्डावर न लिवता पाकिटात घालती. कार्ड पोस्टमन वाटंनंच वाचतो आनि दारात आल्यावर सोता सांगतो, "खुशाल हाय, म्हैन्याअखेर पैसं धाडतोय." लढाईत तुज्या पत्रावर कोन सायब काळी शाई फिरवायचा, तवा आई म्हनायची, "मायलेकराच्या बोलन्यात ह्या मुडद्याचं काय काम?" आनि आता आपल्याच घरात तूच तसलं काम केलंस.

तू गेल्यावर काय झालं त्ये ऐक. समदं तू पलटनीतनं आनल्याल्या त्या आवाज धरनाऱ्या तारेच्या खोक्यानं झालंय.

काल बनुआत्या रहिमतपुरास्नं आली. मोटारीतनं उतरली ती पानीबी न घेता आबांम्होरं हुबी ऱ्हायली.

"भाऊ, कराडचा गूळअडत्या सोळा तारखंला त्येच्या पोरासाठनं विजूला बघायला येनार म्हनं."

आबा म्हनलं, "येऊ दे की. मानसं हाईत. येत्याली, जेवत्याली, जात्याली."

"आनि माझ्या नानासोला द्यायचा शब्द दिलास त्यो?"

"कवा दिला?"

"संक्रांतीला. गोठ्यात. म्हनलास, बने, पोरगी तुजीच."

आपलं आबा कसं हाईत तुला ठावं हाय. खोटं बोलत न्हाईत, पन कुनालाच न्हाई म्हनवत न्हाई त्यास्नी. तांबड्या गाईचं खोंड गुंडाकाकाला देऊ केलंय, केरबाला देऊ केलंय, आनि आईच्या भावालाबी. तिगंबी वाट बघत्यात आनि खोंड आपल्याच दावनीला कडबा वरपतंय. तसंच आबा म्हनलं, "सनासुदीला मानूस गोड बोलतो, बने. त्येला शब्द म्हनत्यात व्हय?"

आत्यानं पानाची चंची सोडली. सुपारी, कात, चुन्याची डबी बाजूला सारली आनि खालनं त्ये तारेचं चाक काढून आबांम्होरं धरलं. "मला ठावंच हुतं तू इसरशील. म्हनून तुजा शब्द बांधून ठिवलाय. तुज्याच लेकानं, लालासायबानं, धरून दिलाय."

आबांना पैल्यांदा गंमतच वाटली. केसावानी बारीक तार, त्यात आपला आवाज कसा मावला म्हनून चाक उलटंपालटं केलं. मग इचारलं, "खोक्याचं ऐकायचं भांडं कुटं ठिवलं हुतं?" आत्या म्हनली, गव्हानीत, पेंढीखाली. त्यावर आबा उठलं. गोठ्यात जाऊन गव्हान बघून आलं. आल्यावर त्येंचं त्वांड बदललं हुतं.

"बने, पोरगी तुला द्यायची न्हाई असं माझ्या मनात कवाच न्हवतं. पन आता देत न्हाई. घरात बोलायच्या आदी मी काय गव्हानी चाचपायच्या? जिला माझा शब्द चोरून न्यावा लागतो तिच्या घरात माझी पोर नांदायची न्हाई."

"मग मी पंच बसवती. पंचाम्होरं तार लावती."

"बसव."

आत्या तशीच गुंडाकाकाच्या घरी जाऊन ऱ्हायली. भावाच्या दारात येऊन भावाच्या घरचं पानी न पिता. आई रडली. मी चुलीम्होरं बसली हुती.

तुला म्हनून सांगती, तसंबी तू ऐकलंच हाईस. मला कराड नको. मला रहिमतपूरच पायजे. आनि मेख काय हाय बघ. तू खोकं लवकर चालू करून बॅटरीकडं जाऊन बसलास. आबा आनि आत्या गोठ्यात यायच्या आदी मी चांदीची धार काढत हुती. तवा मी चांदीला जे सांगितलं त्ये तारेवर पैलं हाय, आबांचा शब्द त्येच्या मागनं. तूच मला शिकवलंस, तार मधनंच धरता येत न्हाई, पैल्यापास्नं सोडावी लागती. म्हंजी आबांचा शब्द गावाला ऐकवायचा तर आदी मी. साळा तपासाय आल्याल्या दिपोटीसायबाम्होरं कविता म्हनायला उठवलं तवा मी साळाच सोडली, आनि आता समद्या गावाम्होरं माझं त्ये बोलनं. तार लावली तर माझी लाज जाती, न लावली तर रहिमतपूर जातंय.

एक सहज इचारती. लाल खिट्टी दाबली की नवं धरतंय आनि जुनं पुसतंय असं तू म्हनला हुतास. समदी तार पुसती का जेवढी फिरली तेवढीच? सहज इचारलं. लगोलग कळव.

तुजी भैन,
विजयमाला

उंब्रज
११ फेब्रुवारी १९४७

दादा,

तुजा जबाब आला न्हाई. शुक्कुरवारी पंच बसनार.

आत्या गुंडाकाकाला घिऊन कराडला वकिलाकडं गेल्ती. तिथं काय झालं त्ये गुंडाकाकानं आल्यावर आमच्या वट्यावर बसून सांगितलं. आबा माळवं निवडत हुतं, ऐकत न्हाई असं दावत हुतं. वकील म्हनलं म्हनं, भिंतीआड हुबं ऱ्हाऊन ऐकल्यालं मानूस कोर्टात येऊन शपथंवर सांगतो. त्येला उलटं इचारता येतंय, तुजं कान धड हाईत का, तुजं नि ह्येंचं वाकडं हाय का. पन तारेला शपथ कशी घालायची आनि उलटं कसं इचारायचं? आनि चोरून आवाज धरू नये असंबी कुटं लिवल्यालं न्हाई. ज्येनी कायदा लिवला त्यास्नी असलं खोकं हुईल म्हनून ठावंच न्हवतं.

आबा म्हनलं, "मग गुन्हा हाय का न्हाई?"

गुंडाकाका म्हनला, "वकील म्हनलं, मी वाचून सांगतो. आनि आवं हंबीरराव, माझ्या खोंडाचं तेवढं बघा. न्हायतर मीबी एक खोकं आनतो."

आई लय दिसानं हसली. आबांनी वांगं उचललं आनि निवडत बसलं.

मी आत्याकडं गेल्ती. म्हनलं, "आत्या, ती तार धुळीनं बिघडती. द्या, पुसून आनून दिती." आत्यानं चंची कमरंला खवसली. म्हनली, "माझ्या चंचीत धूळ शिरत न्हाई, बाय." मग मला जवळ बसवून म्हनली, "तुला वाटत असंल आत्या लय वंगाळ हाय. अगं, बाप्या बाप्याला शब्द देतो तवा चार बाप्ये साक्षीला असत्यात. बाईला कुटं देत्यात शब्द? चुलीम्होरं न्हायतर गोठ्यात. माझ्या लग्नात तुज्या आज्यानं मला नदीकाठचा पट्टा देतो म्हनून चुलीम्होरंच सांगितलं हुतं. पुढं कुनाला आठवलं न्हाई. मला साक्षीला कोन हुतं? मांजर." मी उठून आली.

काल नानासो आलं हुतं, रहिमतपुरास्नं सायकलीवर. आबांम्होरं यायचं धाडस न्हाई, म्हनून हिरीवर आलं. मी धुनं धूत हुती. त्येंची रीत तुला ठावं हाय. आपनच इचारत्यात, आपनच जबाब देत्यात, म्हंजी दुसऱ्याला बोलाय लागत न्हाई. म्हनलं, "बरी हाईस? बरीच असशील. आई म्हनती तार लावायची. मला इचारशील तर मला त्यात काय बरं वाटत न्हाई. मला कोन इचारतंय? कोन न्हाई. तुला त्ये आवडलं का? न्हाई आवडलं. धुनं आपटतीस त्यावरनं कळतंय." आनि सायकल फिरवून गेलं. मी एक सबूद बोलली न्हाई आनि तरी समदं बोलून झाल्यावानी वाटलं.

ह्येच मी चांदीला सांगितलं हुतं. तू ऐकलंस. आता परत काय सांगू.

पंचात खोकं कोन चालवनार ठावं हाय का? मी. दुसऱ्या कुनाला खिट्ट्या म्हाईत न्हाईत. पंच तात्याबांनी निरोप धाडलाय, "हंबीररावाच्या पोरीला म्हनावं यायचं, घाबरायचं काम न्हाई."

लाल खिट्टीचं अजून कळलं न्हाई.

विजू

उंब्रज
१५ फेब्रुवारी १९४७

दादा,

काल पंच बसलं. सध्या गुऱ्हाळ चालू हाय आनि तात्याबा पंचबी हाईत आनि गूळ करनारं गुळवेबी, म्हनून चावडी सोडून समदं गुऱ्हाळावरच जमलं. रसाची काईल उकळत हुती. तात्याबांची पाठ पंचाकडं आनि त्वांड काईलीकडं. एका हातानं फावडं फिरवत्यात आनि निवाडा ऐकत्यात. अर्दं गाव आल्तं. पोरं काकवी चाटत हुती. बाया उसाच्या ढिगाआड. गुंडाकाकानं बैलगाडीतनं खोकं आनलं, मोटारवाल्याची बॅटरी आनली आनि वर घोंगडं टाकून गाडीला कुनी हात लावू नगा म्हनून पोरांना सांगत सुटला, म्हनून समदी पोरं तिथंच.

मी खोक्याम्होरं बसली. डोईवरचा पदर एवढा वढला हुता की मला नुस्त्या खिट्ट्या दिसत हुत्या. मला तेवढंच पायजे हुतं.

आत्या हुबी ऱ्हायली. मला सांगितलं हुतं तेच तिनं पंचाला सांगितलं, चुलीम्होरचा शब्द, साक्षीला मांजर. ढिगाआडच्या बाया म्होरं सरकल्या. भामाबाई म्हनली, "खरं हाय त्ये." तिला कुनी बोल म्हनलं न्हवतं.

मग आबा. दादा, आबांना मी येवढं बोलताना कवा ऐकलं न्हाई.

"तात्याबा, तुमी म्हनाल ह्येनं शब्द फिरवला. फिरवला न्हाई, इसरलो. इसरायचा माझा गुन लय जुना हाय, त्येचा दंड करा. पन ह्ये खोकं. भिंतीआड हुबं ऱ्हाऊन कुनी ऐकलं असतं तर मी चिडलो असतो आनि सोडून दिलं असतं. मानूस ऐकतो, अर्दं इसरतो, मरतो. खोकं इसरत न्हाई आनि मरत न्हाई. मी घरात भैनीसंगट काय बोललो, कशाला हसलो, कुनाची नक्कल केली, समदं तिच्या चंचीत. उद्या समद्यांच्या घरात असलं खोकं आलं तर मानूस घरात बोलंल का? गुरावानी गप बसंल."

गुंडाकाका म्हनला, "नक्कल कुनाची केली?"

"तुजी."

समदं गुऱ्हाळ हसलं. गुंडाकाका म्हनला, "मग लावाच तार. माझा हक्क हाय."

तात्याबांनी फावडं फिरवता फिरवता इचारलं, "बनुबाई, तुमचा आवाज हाय तारेवर. लावायला तुमचा व्हकार हाय?"

"म्याच आनलीया, तात्याबा."

"हंबीरराव, तुमचा?"

आबांनी उपरनं झटकलं. मग म्हनलं, "चोरी ती चोरीच. पन मी भितो असं गावानं म्हनू नये. लावा."

तात्याबा म्हनलं, "मग माझं असं म्हननं हाय. वकिलाच्या बुकात असंल का नसंल, मला ठावं न्हाई. ज्याचा आवाज त्याचा व्हकार पायजे. एकानं जरी न्हाई म्हनलं तर तार गप. ह्यापुढंबी गावात तीच रीत. आता समद्यांचा व्हकार झाला. अजून कुनाचा आवाज हाय का तारेवर?"

आत्या म्हनली, "माझा, भावाचा, आनि मधी म्हस रेकलीया."

"मग म्हशीचाबी व्हकार घ्या," गुंडाकाका म्हनला आनि पुन्यांदा समदी हसली.

दादा, माझं बोट लाल खिट्टीवर हुतं. खरंच सांगती. तिथं कुनाला कळलं नसतं. पैला भाग पुसत गेली असती, आबा यायच्या येळंला सोडली असती. जेवढी फिरली तेवढीच पुसत असंल तर किती येळ फिरवायचं त्ये मला अंदाजानं जमलं असतं. पन आबांचं बोलनं माझ्या कानात हुतं. त्येंनी चोरी म्हनली आनि त्येंच्याच लेकीनं तिथंच, त्येंच्याच म्होरं, चोरून पुसायचं? आनि तात्याबांनी तर साधं इचारलं हुतं, अजून कुनाचा आवाज हाय का.

माझं त्वांड उघडलं. मी उघडलं न्हाई, उघडलं.

"माझाबी हाय."

पैल्यांदा कुनाला कळलंच न्हाई कोन बोललं. काईल रटरटत हुती. तात्याबांनी मान वळवली. "कोन?"

"मी. इजा... विजयमाला. माझाबी आवाज हाय. पैला माझाच हाय. माझा व्हकार न्हाई."

दादा, दिपोटीसायबाम्होरं जे निघालं न्हाई ते समद्या गावाम्होरं निघालं. पुढं काय झालं मला नीट सांगता येत न्हाई, माझ्या कानात नुस्ता घुंई आवाज. आत्या म्हनत हुती, "अगं येडे, तुझ्याच भल्यासाठनं हाय ही तार." आबा माझ्याकडं बघत हुतं, माझी नि त्येंची वळख न्हाई असं. आनि तात्याबाबी बघत हुतं, त्येंच्या हातातलं फावडं थांबलं हुतं. मग कुनी तरी वरडलं, "तात्याबा, काईल!" गूळ लागला. काळाभोर निघाला. तात्याबा म्हनलं, "तीस वर्सांत पैल्यांदा लागला. बोललं म्हंजी बोललं. तार गप."

म्हंजी तार माझ्याच हातानं गेली. आबांचा शब्द तिच्यातच ऱ्हायला. उद्या कराडची मानसं येनार, आई पुरनाची डाळ निवडती हाय. मी तुला लिवतीया. रडत न्हाई. रडली असती तर शाई पसरली असती, बघ, पसरली न्हाई.

विजू

उंब्रज
१९ फेब्रुवारी १९४७

दादा,

तुजं पत्र आज आलं. लाल खिट्टीनं जेवढी तार फिरंल तेवढीच पुसती म्हनून लिवलंस. लय लवकर कळवलंस, म्हातारी हुईपतूर कळलं असतं तरी चाललं असतं.

शुक्कुरवारी गुऱ्हाळावरनं आल्यावर आबा माझ्यासंगट बोललं न्हाईत. रागानं न्हवं. बोलायला आल्यावानी करत्यात आनि जात्यात. तार आत्याच्या चंचीत हुती, माळ्यावर नुस्तं रिकामं खोकं. तरी आबा खोक्याभवती फिरत्यात, वरनं हात फिरवत्यात. आईला म्हनलं, "पोर काय बोलली असंल गं?" आई म्हनली, "इचारा की तिला." आबा म्हनलं, "चोरून ऐकायचं न्हाई असं गावाम्होरं मीच म्हनलोय." आई म्हनली, "इचारनं म्हंजी चोरून ऐकनं व्हय?" त्यावर आबांनी खोक्यावरनं हात काढला. अठरा वर्सांची पोर घरात, तिला कवा इचारलंच न्हवतं, त्ये त्यास्नी तवा उमगलं असंल. मी काय इचारायला गेली न्हाई.

आयतवारी सकाळी मी धार काढत हुती. कराडकर दोपारपतूर येनार. आबा गोठ्यात आलं, आदी गव्हान बघितली. सवय लागली हाय. मग चांदीच्या पलीकडं हुबं ऱ्हायलं, तिच्या पाठीवर हात ठिवून. मला नुस्तं त्येंचं पाय दिसत हुतं.

"विजे, हितं खोकं न्हाई. मी हाय आनि तू हाईस. तुला नानासो पसंत हाय का? तोंडानं सांग."

दादा, गावाम्होरं उघडल्यालं त्वांड बापाम्होरं उघडंना. दूध नुस्तं चरवीत पडतंय. आबा जायला वळलं. तवा मी चांदीच्या पोटाला डोकं टेकवून चांदीलाच सांगितलं.

"चांदे, आबास्नी सांग. मला रहिमतपूरच पायजे."

आबांचं पाय थांबलं. आपल्यात नव्या सुना सासऱ्यासंगट भिंतीला नि पोराला म्होरं करून बोलत्यात, आबांना त्यात काय नवं न्हवतं. त्येबी चांदीकडंच बघून बोलाय लागलं.

"चांदे, तिला इचार, मग पंचात तार का बंद केली? लावली असती तर रहिमतपूर झालंच असतं."

"चांदे, आबास्नी सांग, मी त्ये तुला सांगितलं हुतं. गावाला न्हाई."

मी डोकं वर केलं तर ते तोंडाला उपरनं लावून हसत हुतं. हसता हसता डोळं पुसत हुतं.

"चांदे," आबा म्हनलं, "तिला सांग, माझंबी तेवढंच म्हननं हुतं."

तसंच उठलं आनि गुंडाकाकाच्या घरी गेलं. मी गेली न्हाई, भामाबाईनं येऊन सांगितलं. आत्या दारात तांदूळ पाखडत हुती. आबा रस्त्यातनंच म्हनलं, "बने, पोरगी तुजी." आत्यानं सूप खाली ठिवलं न्हाई. म्हनली, "थांब. शेजारच्यास्नी बोलावती. मग म्हन." भामाबाई आली, केरबा आला, गुंडाकाका तर हुताच. आबांनी पुन्यांदा म्हनलं, खनखनीत. आत्या म्हनली, "आता बायाबी साक्षीला हाईत. भामाबाई, ऐकलंस?" "ऐकलं." "आता घरी चल, पानी दे," आत्या आबांना म्हनली. आबांसंगट हितं येऊन अकरा दिसांनी ती भावाच्या घरचं पानी प्याली.

चंचीतनं तार काढून माझ्या हातात दिली. म्हनली, "माझं काम झालं. ज्याचा आवाज त्यानं काय करायचं त्ये करावं. पन विजे, तुला न इचारता तुजाबी आवाज धरला त्ये माझं चुकलं. ह्ये मी साक्षीदाराबिगार सांगती." मी तिच्या पाया पडली.

आता कराडकरांचं ऐक. ह्या गडबडीत त्यास्नी येऊ नगा म्हनून सांगायचं आबा इसरलं. दोपारी ते चार जन गाडीतनं हजर, पोरगं जरीच्या फेट्यात. आई चुलीकडं पळाली. पन आबांनी पुरनपोळ्या वाढल्या, कटाची आमटी वाढली, उसाचा रस पाजला, आनि शेवटी हात जोडून म्हनलं, पोरीचं जुळलं, तुमची मातर लय तकलीफ झाली. अडत्या तोंड फुगवून बसला. आबांना न्हाई म्हनवत न्हाई तुला ठावंच हाय. म्हनलं, "रिकाम्या हातानं कसं धाडू? त्ये तांबड्या गाईचं खोंड तुमचं. चैतात न्या."

गुंडाकाका वट्यावरनं उठला तो मला म्हनला, "पोरी, त्ये खोकं कसं चालू करत्यात गं?"

विजू

ता.क. तुज्यावरचा राग कुटं गेला सापडत न्हाई. पन पुन्यांदा असलं केलंस तर चांदीच्या शिंगावर घालीन.

उंब्रज
९ मार्च १९४७

लालासायबदादा,

देन्याघेन्याची यादी पुढच्या म्हैन्यात, लगीन तुजी सुट्टी बघून. नानासोंना आबांनी बोलावून घेतलं. आबांनी इचारलं, "खूश हाईसा का?" नानासो म्हनलं, "खूश हाय का? हाय." आबा म्हनलं, ह्यो जावई मला बरा, ह्येला न्हाई म्हनायची येळच येत न्हाई.

तात्याबांची रीत गावात खरंच लागू झाली हाय. बाया दळायला बसल्या की एकमेकीला इचारत्यात, "लाल खिट्टी बंद हाय नव्हं?" मग मोकळ्या बोलत्यात.

आता तारेचं. तिकडं पलटनीत असली खोकी हाईत म्हनून ह्या पत्रासंगट ती धाडतीया. केरबाचा पुतन्या तुज्याच पलटनीत चाललाय, त्येच्या ट्रंकंत कापडात गुंडाळून दिली हाय. त्येला बजावलंय, फकस्त तुज्या हातात द्यायची. पैलं समदं मी पुसलं. आबांना, आत्याला इचारून पुसलं. पुसायचं म्हंजी वरनं दुसरं काय तरी धरायला लागतंय हे तूच शिकवलंस, म्हनून मी खोकं गोठ्यात नेलं. ह्या खेपंला भांडं पेंढीखाली न्हाई, उगड्यावर, उलट्या घमेल्यावर ठिवलं. आई आली, इचारलं, "चालू हाय?" व्हय म्हनलं. तिनं तुला काय सांगायचं त्ये सांगितलं, त्ये मी कान झाकून बसली हुती, तुजं तूच ऐक. आबा आलं, तेबी बोललं. तुलाबी खोंड देऊ केलंय असं मला वाटतंय.

माझा आवाजबी हाय. माझा व्हकार हाय, मी आपखुशीनं दिलाय, हे हितं लिवून ठिवती. पन खोक्याम्होरं बसल्यावर माझं नेहमीचंच झालं. म्हनून कानाला ऐकायच्या वाट्या लावल्या की सुरवातीला तुला नुस्ती चांदी ऐकू यील, रवंथ करताना. लय येळ तेवढंच हाय. बिघडलीया म्हनून बंद करू नगंस. थांब. मी तिथंच बसली हाय, बोलाय लागती.

विजू